मखमलीचा पडदा आणि १९९ पायऱ्या

जरा नकाशा काढा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवा आणि हळूहळू वर सरकवत न्या. यॉर्कशरमध्ये, जिथे एस्क नावाची छोटीशी नदी उत्तर समुद्राला मिळते, तिथे व्हिटबी नावाचं एक गाव सापडेल. उतारावर एकमेकांना चिकटून बसलेली लाल कौलांची घरं, मासेमारीच्या होड्या, डोक्यावर सतत कलकलाट करणारे सीगल. आपल्या कोकणातलं एखादं बंदरच म्हणा ना! फक्त थंडी भरपूर आणि वारा त्याहून जास्त.

पण एप्रिलच्या सुमारास किंवा ऑक्टोबर संपता संपता तुम्ही इथे उतरलात, तर स्टेशनाबाहेरच दचकाल. समोरून उंच टोपी घातलेले एक गृहस्थ येतायत. मागे शेपटी असलेला काळा कोट, हातात मुठीची काठी, चेहरा पांढराफटक. त्यांच्याबरोबर घेरदार काळ्या झग्यातल्या बाई. तोंडावर काळी जाळी, ओठ गडद जांभळे. आता हे दोघं कुठल्या स्मशानाकडे निघाले, असं तुम्हाला वाटतंय तोवर ते एका बाकावर बसतात आणि कागदाच्या पुडीतून तळलेले मासे आणि बटाट्याच्या फोडी खायला लागतात!

ही मंडळी म्हणजे ‘गॉथ’. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट ओसरत होती. तिच्यातूनच जरा उदास, गूढ, घुमणारं असं एक नवं संगीत निघालं. ‘बाउहाउस’, ‘सूझी अँड द बॅन्शीज’ ही त्यातली गाजलेली नावं. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ नावाचा क्लब सुरू झाला आणि हे संगीत ऐकणाऱ्या मुलामुलींचा पेहरावही ठरून गेला. काळे कपडे, काळे डोळे, उभे केलेले केस. आता एक गोष्ट लक्षात घ्या. या मुलांपैकी पुष्कळांच्या खिशात पैसे नव्हते, आणि असे कपडे दुकानात तयार मिळतही नव्हते. मग त्यांनी काय केलं? आजीचे झगे, लष्करातून निघालेले कोट, फाटके मोजे, जुन्या बाजारातली लेस असं मिळेल ते गोळा केलं आणि स्वतःच्या हातांनी शिवलं, कापलं, रंगवलं.

व्हिटबीची जत्रा १९९४ साली सुरू झाली, तीही अगदी साधेपणाने. जो हॅम्पशर नावाच्या एका गॉथ तरुणीने आपल्या चाळीसेक पत्रमित्रांना इथल्या ‘एल्सिनोर’ या पबमध्ये भेटायला बोलावलं. हो, पत्रमित्रच! पाकिटावर तिकिटं चिकटवून एकमेकांना पत्रं लिहिणारे. त्या भेटीतून पुढे हजारोंचा मेळा उभा राहिला.

आज आपण नुसतं गाव बघायचं नाही. चालता चालता स्वतःचा गॉथ पोशाख जमवायचा. अट एकच, नवा कपडा घ्यायचा नाही. आणि समजा, खिशात आहेत वीस पौंड, म्हणजे साधारण दोन हजारांवर रुपये. तयार पोशाखाच्या दुकानात एवढ्यात एखादी बाहीसुद्धा येणार नाही. पण आपल्याला त्या दुकानात जायचंच नाहीये.

स्टेशनाजवळ बॅक्स्टरगेट नावाचा बाजाराचा रस्ता आहे. तिथून सुरुवात करू. इंग्लंडच्या कुठल्याही गावात ‘चॅरिटी शॉप’ असतंच असतं. लोक आपले वापरलेले कपडे, पुस्तकं, कपबशा तिथे फुकट देऊन टाकतात. दुकानात बहुतेक स्वयंसेवक काम करतात आणि विक्रीचा पैसा एखाद्या संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅम संस्थेने १९४७-४८ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असं दुकान थाटलं, ते आजही तिथे आहे. आपल्याकडे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण दारावर यायची. आजीला विचारा, एका स्टीलच्या डब्यासाठी दोन साड्या की तीन, यावर किती घासाघीस चालायची ते! इथे मात्र घासाघीस करायची नाही बरं का. पैसे चांगल्या कामाला जाणार असतात.

दुकानात शिरल्याबरोबर काळ्या कपड्यांकडे धावू नका. नवखे तिथेच फसतात. आधी हात फिरवा. डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं की ही मखमल आहे, हे साटन आहे, ही लेस आहे. मग लेबल वाचा. कापड सुती की पॉलिएस्टर, हे पुढे फार उपयोगी पडणार आहे. काखेतली शिवण उसवली असेल तर बिनधास्त घ्या, ती दहा मिनिटांत शिवून होते. पण काखेतलं कापडच विरलं असेल तर परत ठेवून द्या. मुलींनी पुरुषांचे कोट बघावेत, मुलांनी बायकांचे झगे आणि स्कार्फ बघावेत, कुणी काही म्हणत नाही. आणि सगळ्यात शेवटच्या, कुणीही न जाणाऱ्या कोपऱ्यात जा. तिथे पडदे असतात.

पडदे? हो, पडदे! जुन्या इंग्लिश घरांत थंडी अडवायला जाडजूड मखमली पडदे लावायची पद्धत. काळा मिळाला तर नशीबच, पण गडद लाल किंवा बाटलीचा हिरवाही झकास. असा पडदा नीट बघा. वरच्या काठाला आतून एक पट्टी शिवलेली असते आणि तिच्यात दोऱ्या ओवलेल्या असतात. दोऱ्या ओढल्या की एकसारख्या चुण्या पडतात. आता हाच काठ पुरुषांच्या जुन्या वेस्टकोटाच्या खांद्यांवर धावदोऱ्याने पक्का बसवा. झाला की नाही सरदाराच्या तोडीचा अंगरखा? पुष्कळजण तो नुसत्या दोरीने गळ्याशी बांधतात. ते मला पसंत नाही. मखमलीचं सगळं वजन गळ्यावर येतं, आणि पडदा दारात कुठे अडकला तर गळ्याला फास बसायचा. वजन खांद्यांवर असू दे.

वेस्टकोट तर आपल्याला हवाच होता. त्याच्या पाठीवरची पट्टी काढून टाका. पाठीच्या दोन्ही बाजूंना उभ्या रांगेत छोटे छोटे फासे शिवा आणि त्यांतून बुटाची लांब काळी नाडी तिरकी-तिरकी ओवत जा. घट्ट केलं की दोनशे वर्षांपूर्वीच्या बायकांच्या आवळलेल्या चोळीसारखं दिसतं. फार आवळू नका मात्र, पुढे १९९ पायऱ्या चढायच्या आहेत!

खाली काय? साटनचा लांब परकर किंवा रात्रीचा झगा. त्याच्या घेराला खिडकीच्या जाळीच्या पडद्याची झालर लावा. हातांसाठी फाटकी लांब पायमोज्यांची जोडी. पंजे कापून टाका, मधोमध शिवणीपाशी डोकं जाईल एवढं भोक पाडा आणि उलटी करून घाला. पायांच्या बाह्या होतात! हा बॅटकेव्हच्या काळापासून चालत आलेला जुना उपाय. आणि आपल्या मुंबई-कोकणवाल्यांसाठी खास माल म्हणजे मोडकी काळी छत्री. काड्या काढून कापड सोडवलं की त्याच्या कडा आपोआप वटवाघळाच्या पंखासारख्या अर्धगोल असतात. मधून कापून दोन्ही दंडांवर टाचा. वटवाघूळ तयार! काड्या मात्र मोठ्या माणसाकडून काढून घ्या, त्यांची टोकं फार वाईट लागतात.

सगळंच काळं, मग ते एकसुरी नाही का दिसणार? दिसेल, जर सगळं एकाच कापडाचं असेल तर. मखमलीचे तंतू उभे असतात, ते प्रकाश गिळून टाकतात. म्हणून मखमलीचा काळा खोल विहिरीसारखा दिसतो. साटनचा पृष्ठभाग गुळगुळीत, तो प्रकाश परत फेकतो. त्याचा काळा पाण्यासारखा चमकतो. आणि जाळीतून तर मागचंच दिसतं, तिचा काळा धुरासारखा. गॉथ पोशाखाचं अर्धं कौशल्य या तीन काळ्यांना शेजारी शेजारी बसवण्यात आहे. रंगांची उधळण नसल्यामुळे पोत दिसायला लागतो. महागडा पण एकाच चकचकीत कापडाचा तयार पोशाख जत्रेत लगेच ओळखू येतो, आणि खरं सांगू? तो जरा केविलवाणाच वाटतो.

एखादा सुंदर झगा मिळाला पण पांढरा किंवा फिका निघाला, तर? रंगवायचा! (हे काम घरी, मोठ्यांना सोबत घेऊन.) इथे ते लेबल कामाला येतं. सुती कापड साधा रंग पितं, पॉलिएस्टर पीत नाही. सुती झगा काळा होतो, पण शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो पांढराच राहतो आणि सगळ्या शिवणी टाक्याटाक्याने उठून दिसतात. काहींना ते चुकलेलं वाटतं, काहींना हाडाच्या सापळ्यासारखं म्हणून आवडतं! निळ्या कापडावर काळा छान बसतो, लाल कापडावर मात्र तो तपकिरी झाक मारतो. ज्या भांड्यात कापड रंगवाल, त्यात पुन्हा स्वयंपाक नाही. आपल्याकडचा जुना उपाय हिरड्याचा. हिरड्याच्या काढ्यात भिजवलेल्या सुती कापडाला गंजक्या लोखंडाचं पाणी दिलं की ते करडं, मग काळपट होत जातं. भीमाशंकर, जुन्नरच्या डोंगरात गोळा होणारा हिरडा रंगाच्याही कामाचा. लोखंडाने कापड कालांतराने कमकुवत होतं, एवढं लक्षात असू द्या.

चला, आता पिशवी खांद्याला लावून पूल ओलांडू. मोठी बोट आली की हा पूल बाजूला सरकतो आणि दोन्ही काठांची माणसं थांबून राहतात. पलीकडे जुनं गाव. चर्च स्ट्रीट नावाची अरुंद गल्ली, खाली गोटे बसवलेले. उंच टाचांचे बूट घालून आलेल्या पाहुण्यांची इथे जी त्रेधा उडते, ती बघण्यासारखी असते. जाणते गॉथ जाड तळाचे बूट घालतात, तेही बहुधा लष्करी आणि जुनेच.

या गल्लीत खिडक्यांतून काळे दागिने चमकताना दिसतील. ते ‘जेट’चे. इंग्रजीत काळ्याकुट्ट रंगाला ‘जेट ब्लॅक’ म्हणतात ना, तेच हे. दगडासारखं दिसतं पण दगड नव्हे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीची झाडं समुद्रतळाच्या चिखलात गाडली गेली आणि त्यांच्या लाकडाचं जेट झालं. म्हणूनच ते हलकं असतं आणि हाताला गार लागत नाही. पूर्वी जेटची नक्कल म्हणून काळ्या काचेचे मणी विकायचे. ओळखायचं कसं? गालाला लावा. गार लागली तर काच.

हा धंदा फोफावला तो एका शोकामुळे. १४ डिसेंबर १८६१ रोजी व्हिक्टोरिया राणीचे पती अल्बर्ट वारले. त्यानंतर १९०१ मध्ये स्वतः मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, राणीने काळे कपडेच घातले. राणीने घातलं म्हणून सरदारणींनी घातलं, त्यांचं बघून व्यापाऱ्यांच्या बायकांनी. सुतकात चमकणारे दागिने चालत नसत, पण जेट चालायचं. भरभराटीच्या काळात, १८७० च्या आसपास, या एवढ्याशा गावात हजारावर माणसं जेट घासून पोट भरत होती. आणि ज्या गरीब बायकांना सुतकाचा नवा झगा परवडत नसे, त्या काय करायच्या? असलेला एकुलता एक चांगला झगा काळ्या रंगात बुडवायच्या. शोक संपला तरी तो झगा पुन्हा पूर्वीच्या रंगाचा होत नसे. तुम्ही रंगाची पुडी पाण्यात सोडाल तेव्हा ही गोष्ट जरूर आठवा.

आपल्याकडेही काळा म्हटलं की घरातली मोठी माणसं नाक मुरडतात. लग्नाला काळं नको, बारशाला काळं नको! पण संक्रांत आली की तीच माणसं कपाटातून चंद्रकळा काढतात. काळी साडी आणि तिच्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. काळा-पांढरा असा ठसठशीत मेळ व्हिटबीच्या गॉथ मंडळींनी पाहिला, तर ती खूश होतील. मंगळसूत्रातले मणीही काळेच की! वीस पौंडांत आपण खरं जेट घेऊ शकू, तर एखादा नखाएवढा तुकडा. त्यापेक्षा घरून काळ्या मण्यांची एक सर आणलेली बरी. गळ्याभोवती तीन वेढे घ्या, कुणाला फरक कळतोय!

गल्लीच्या टोकाला त्या प्रसिद्ध पायऱ्या. मोजा, १९९. आता झग्याचा घेर पुढून एका हाताने उचलून धरा, नाहीतर स्वतःच्याच पायात याल. वर गेलात की वारा पहिल्यांदा टोपी मागतो, मग जाळी. म्हणून इथले लोक सगळं पिनांनी टोचून टोचून बसवतात. चाळीस-पन्नास सेफ्टी पिना हा पोशाखाचा भागच समजा. दिसल्या तरी बिघडत नाही, उलट शोभतात.

वर सेंट मेरीचं नऊशे वर्षांचं चर्च आहे. भोवती खाऱ्या वाऱ्याने झिजलेली थडगी. आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात या गावी सुट्टीला आला होता. इथल्या वाचनालयात एका पुस्तकात त्याला एक नाव सापडलं, ड्रॅक्युला! पाच वर्षांपूर्वी ‘दिमित्री’ नावाचं एक रशियन जहाज वादळात इथल्या वाळूत रुतलं होतं, तेही त्याने टिपून ठेवलं. १८९७ मध्ये कादंबरी आली. तिच्यात वादळातून एक जहाज व्हिटबीला लागतं आणि त्यातून एका प्रचंड कुत्र्याच्या रूपात ड्रॅक्युला उडी मारतो. लोकांना ते इतकं खरं वाटतं, की चर्चमध्ये चक्क पाटी लावावी लागली, ‘ड्रॅक्युलाचं थडगं कुठे आहे, असं कृपया विचारू नये. ते नाही.’

बाकीची थडगी मात्र खरी आहेत. कुणाकुणाची आई, कुणाचे बुडालेले खलाशी. त्यांच्यावर बसून, लोळून फोटो काढण्यावरून इथे तक्रारी झाल्या आहेत. आणि गॉथ मंडळींचंही म्हणणं असतं, की असे उद्योग करणारे बहुतेक नुसते हौशी पाहुणे असतात. तुम्ही पोशाख घालून गेलात, तरी थडग्यापासून चार हात दूरच उभे राहा. आणि दुसऱ्या कुणाचा फोटो हवा असेल तर आधी विचारा. नटूनथटून आलेला माणूस म्हणजे पुतळा नव्हे.

चर्चच्या मागे आकाशाला टेकलेले ते मठाचे भग्न अवशेष. ६५७ साली हिल्ड नावाच्या जोगिणीने इथे पहिला मठ उभारला. आज दिसतात त्या टोकदार कमानी नंतरच्या, तेराव्या शतकापासूनच्या. या शैलीचं नाव ‘गॉथिक’. गंमत म्हणजे ती मूळची शिवी होती! गॉथ ही रोम लुटणारी टोळी. पुढे इटलीतल्या पंडितांना या टोकदार कमानी रानटी वाटल्या, म्हणून त्यांनी ते नाव ठेवलं. मग १७६४ मध्ये होरेस वॉल्पोलने किल्ल्यातल्या भुताखेतांची कादंबरी लिहिली आणि भयकथेला ‘गॉथिक’ म्हणायला लागले. शेवटी ते नाव संगीताला आणि कपड्यांना चिकटलं. मुंबईकरांनो, तुम्ही तर गॉथिक इमारतीतून रोज लोकल पकडता! छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या टोकदार कमानी, पाण्याच्या पन्हाळींवरचे ते तोंड वासलेले प्राणी बघा एकदा मान वर करून.

आता परत पुलावरून पलीकडे, वेस्ट क्लिफवर. चढावाच्या रस्त्याचं नाव आहे ‘खैबर पास’. खोटं नाही! वर देवमाशाच्या हाडांची कमान आहे आणि तिच्यातून मघाचं चर्च अन् मठ चित्रासारखे दिसतात. संध्याकाळ होत आली. बाकावर बसून चेहऱ्याचं बघू.

पहिला प्रश्न, तोंड पांढरं करायचं का? माझं मत विचाराल तर, नाही. तो पांढरा रंग मूकपटातल्या भुतांचा, आजारी राजपुत्रांचा. गोरं दिसण्याशी त्याचा काही संबंध नाही. पण आपल्याकडे गोरेपणाची क्रीमं विकणाऱ्यांनी इतका गोंधळ घालून ठेवलाय, की सावळ्या मुलीने तोंडाला पांढरं फासलं तर बघणारे नेमका उलटा अर्थ घेतील. सावळ्या, काळ्या कातडीचे कितीतरी गॉथ आहेत आणि ते आपला रंग झाकत नाहीत. गडद कातडीवर वांगी रंगाचे, काळसर लाल ओठ जे खुलतात, ते गोऱ्यांना जमत नाहीत.

खरा जीव डोळ्यांत. आणि इथे आपण त्यांच्या शंभर पावलं पुढे, कारण काजळ आपल्या घरातच आहे! १९१७ च्या ‘क्लिओपात्रा’ मूकपटात थेडा बाराने जसे डोळे काळे केले होते, त्या चालीवर सूझीने पुढे आपले डोळे रंगवले. आधी पापणीच्या कडेला काजळाची रेघ. मग ती बाहेरच्या कोपऱ्यात वर ओढून टोक काढा. खालून थोडी करंगळीने पसरा, म्हणजे धुरकट दिसेल. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे यायला हवेत असं नाही. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येणारच आणि काजळ ओघळणारच. ओघळू द्या! काळजी फक्त तीन गोष्टींची. काही सुरम्यांमध्ये शिसं असतं, म्हणून कुठलाही सुटा सुरमा डोळ्यांत नको. काजळाची कांडी मैत्रिणीत वाटून घेऊ नका, डोळे एकमेकांचे येतात. आणि हातावर नक्षी काढायला ती झटपट ‘काळी मेंदी’ मुळीच नको. तिच्यात केसांचा रंग मिसळलेला असतो आणि कातडीवर फोड येऊ शकतात. केसांना उलटा कंगवा करून फुगवलंत की झालं.

आता तुम्ही उठून चालायला लागलात, की एक नवी गोष्ट जाणवेल. सगळे तुमच्याकडे बघतायत. व्हिटबीत ते बघणं कौतुकाचं असतं. गावातल्या आज्या थांबून विचारतात, लेस कुठे मिळाली म्हणून. सगळीकडे असं नसतं.

वेस्ट क्लिफवरच एक बाक आहे, सोफी लँकेस्टरच्या आठवणीसाठी ठेवलेला. सोफी वीस वर्षांची होती. व्हिटबीपासून दूर, लँकेशरमधल्या बेकप गावात ११ ऑगस्ट २००७ च्या रात्री ती आपल्या मित्राबरोबर एका बागेतून घरी चालली होती. दोघांचेही कपडे गॉथ. काही मुलांनी आधी मित्राला मारायला सुरुवात केली. सोफीने त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला वाचवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी तिला मारलं. मित्र वाचला. सोफी २४ ऑगस्टला गेली. मारणारी मुलं पंधरा-सोळा-सतरा वर्षांची होती, म्हणजे तुमच्यापैकी काहींच्या वयाचीच. त्यांची तिच्याशी ओळखही नव्हती. ती वेगळी दिसत होती, एवढंच निमित्त. दोघांना खुनासाठी जन्मठेप झाली.

सोफीच्या आईने, सिल्व्हिया लँकेस्टर यांनी, तिच्या नावाने संस्था काढली आणि पुढची कितीतरी वर्षं त्या शाळाशाळांतून जाऊन मुलांशी बोलत राहिल्या. २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी, ब्रिटनमध्ये सगळ्यात आधी, अशा पेहरावामुळे झालेल्या हल्ल्यांची द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून नोंद करायला सुरुवात केली. २०२२ मध्ये सिल्व्हियाबाई वारल्या. जत्रेच्या दिवसांत त्या बाकाशी काळ्या कपड्यांतली माणसं येतात, थोडा वेळ बसतात, कुणी फुलं ठेवतं.

तिथून खाली समुद्राच्या अंगाला ‘पॅव्हिलियन’ची इमारत आहे. रात्री तिथे वाद्यं वाजतात. बाहेरच्या गर्दीत जरा कान देऊन ऐका, बोलणं कशावर चाललंय ते. भुताखेतांवर नव्हे हो! ‘हे कॉलरचं कसं केलंस?’ ‘आजीच्या टेबलक्लॉथची लेस.’ ‘आणि ही बटणं?’ ‘तीन वेगवेगळ्या कोटांची.’ सोमवारी यातले बरेचजण पुन्हा नर्स, शिक्षक, कारकून म्हणून कामावर हजर असतात. बटणं मात्र खिशात राहतात, पुढच्या कोटासाठी.

झोपायच्या आधी काजळ काढायला विसरू नका. कापसाच्या बोळ्यावर थोडं खोबरेल तेल घ्या, मिटलेल्या पापणीवर क्षणभर धरून ठेवा आणि मग हलकेच पुसा. खसाखसा घासायचं नाही. आणि रंगवलेला झगा पहिले तीन-चार वेळा बादलीत एकटाच, गार पाण्यात भिजवा. त्याच बादलीत बाबांचा पांढरा सदरा पडला, तर घरात आणखी एक गॉथ तयार होईल, आणि त्याची या गोष्टीला अजिबात तयारी नसेल!